पंचफुलाबाईंची पाळ

पंचफुलाबाई झाडे यांची आणि माझी ओळख आमच्या साहेबांनी त्यांचं पाणी पिऊन टाकल्यामुळे झाली.

मी तेव्हा समुद्रपूरला पाण्याशी संबंधित एका सरकारी ऑफिसात कनिष्ठ अभियंता म्हणून नुकतीच लागले होते. ऑफिसचं नाव सांगत नाही, कारण साहेब अजून नोकरीत आहेत. ऑक्टोबरची दुपार होती. पंखा फिरत होता, पण तो गरम हवाच इकडची तिकडे करत होता. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर एक उंच, काटक म्हातारी येऊन बसली होती. अंगावर हिरवं लुगडं, पायात काही नाही. तिनं पिशवीतून पाण्याच्या दोन बाटल्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. काय काम आहे असं मी विचारणार, इतक्यात साहेब साईटवरून आले. घामानं निथळत होते. त्यांनी कुणाला काही न विचारता त्यातली एक बाटली उचलली, झाकण काढलं आणि अर्धी एका दमात रिकामी केली.

म्हातारी उठून उभी राहिली.

"पेले?"

"हो. का हो?"

"कोनच्या शिशीतलं? चिठ्ठीवाल्या का बिनचिठ्ठीच्या?"

साहेबांनी बाटली फिरवून पाहिली. तिच्यावर वहीच्या कागदाची एक चिठ्ठी डिंकानं चिकटवली होती आणि तीवर मोठ्या अक्षरांत 'गुरवार' असं लिहिलं होतं.

"अरे बापा," बाई म्हणाल्या. "ते आमच्या तलावाच्या पाळीतून झिरपते ते पानी व्हय. खाली गाळ बसते का नाई ते पाहाले ठेवलं होतं. तुमी हालवून पेले!"

साहेब खिडकीकडे धावले. दोन चुळा भरून, तोंड पुसून परत येईपर्यंत बाई जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी अगदी काळजीनं विचारलं, "चव कशी लागली साहेब? मातकट लागली का?"

साहेब मूळचे इंजिनिअर. खरं विचारलं की खरं सांगायची त्यांना सवय. ते म्हणाले, "नाही... मातकट नाही लागली."

"मंग ठीक हाय," बाई म्हणाल्या. उरलेली अर्धी बाटली त्यांनी झाकण लावून पिशवीत टाकली आणि त्या निघून गेल्या. त्यांचं काम झालं होतं.

पुढं तीन वर्षांत मी या बाईंना ओळखायला शिकले. गिरडच्या अलीकडे त्यांचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला, नाल्यावर, त्यांच्या सासऱ्यांनी एक मातीचं धरण बांधलं होतं. स्वतःच्या वावरात, स्वतःच्या बैलांनी, गावच्या माणसांना हाताशी घेऊन. उंची साधारण तीन मजली घराएवढी. लोक त्याला तलाव म्हणत आणि त्याच्या मातीच्या भिंतीला पाळ. त्या पाण्यावर खालची पंचवीसेक कुटुंबं वांगी, कोबी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवत आणि बाजाराला नेत. सासरे गेले, मग नवरा गेला, आणि तलावाची मालकी दोघांत आली: अर्धी पंचफुलाबाईंकडे, अर्धी त्यांचे दीर नामदेवराव यांच्याकडे. नामदेवरावांचं मत असं, की बापानं बांधलेली पाळ आहे, तिला काही होत नाही. पंचफुलाबाईंचं मत असं, की बापानं बांधली, आता बाप नाही, म्हणून तर पाहायला पाहिजे.

पाहायला पाहिजे म्हणजे काय, तर त्या रोज सकाळी पाळीच्या पायथ्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत. जमीन कालच्यापेक्षा ओली आहे का, गार आहे का, भुसभुशीत लागते का, हे त्या तळपायानं ओळखत. मी एकदा म्हटलं, काटे असतात, चप्पल घाला. तर म्हणाल्या, "चप्पल घातली का पाय बहिरा होते."

पायथ्याशी एका जागी पाण्याचा बारीक झिरपा होता. तिथलं पाणी त्या रोज एका बाटलीत भरत, वर वाराची चिठ्ठी लावत आणि बाटली घराच्या खिडकीत ठेवत. खिडकीत सोमवारपासून रविवारपर्यंत सात बाटल्या रांगेनं उभ्या. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच, त्याला घाबरायचं नसतं. ते निवळ येतं तोवर ठीक. गढूळ यायला लागलं, तर समजायचं की पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय. आमच्या अभ्यासक्रमात यावर एक अख्खं प्रकरण होतं. पंचफुलाबाईंकडे सात बाटल्या होत्या.

पाळीवर झाड दिसलं की त्या उपटत. मुळ्या आत जातात आणि झाड वाळलं की मुळीच्या जागी पाण्याला वाट होते. उपटायचं काम एकटीनं होईना, म्हणून त्यांनी घरचा नियम केला होता की आल्यागेल्या पाहुण्यानं पाळीवरचं एकतरी रोपटं उपटायचं, मग चहा. लेकीचं लग्न झाल्यावर पहिल्या धोंड्याच्या महिन्यात जावई आले, तेव्हा वाण द्यायच्या आधी त्यांना पाच बाभळी उपटायला लावल्या. जावई हातात काटा मोडून बसले. लेक रडायला लागली. बाई म्हणाल्या, "रडतं काऊन? काटा निंघते. बाभूळ राह्यली असती तं निंघाली असती का?"

ऑफिसात त्या दर सोमवारी येत. त्यांची मागणी एकच, की सरकारनं येऊन माझं धरण तपासावं.

असली मागणी आमच्याकडे कुणी करत नाही. लोक तपासणीवाले येऊ नयेत म्हणून खटपट करतात. त्यामुळे बाईंचं काय करायचं हे कुणालाच कळेना. आम्ही याद्या पाहिल्या. मोठ्या धरणांच्या यादीत त्यांचा तलाव नव्हता, कारण तो मोठा नव्हता. सरकारी तलावांच्या यादीत नव्हता, कारण सरकारी नव्हता. त्यांना दुसऱ्या ऑफिसात पाठवलं. तिथून तिसऱ्या, तिथून पंचायत समितीत. प्रत्येक ठिकाणी त्या एवढंच म्हणत, "नाई म्हनता ना? मंग तसं लेहून द्या." अशी चार पत्रं जमली. चारांतही एकच वाक्य होतं: सदर धरण या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. बाईंनी चारही पत्रांना प्लास्टिक चढवून घेतलं आणि पिशवीत ठेवलं.

एका सोमवारी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, मोठ्या यादीत जाले किती उंच पाह्यजे?"

मी सांगितलं.

"मंग आमची किती कमी पडते?"

"बरीच कमी पडते हो आजी."

"माती टाकून उंच करतो ना मी."

आमच्याकडे बायाही 'मी करतो, मी येतो' असंच म्हणतात. मी घाबरून म्हटलं, "अहो, तसं करू नका! धोका वाढेल."

"वाढन तवा याल ना पाहाले?"

साहेब आतल्या खोलीत बसून हे ऐकत होते. त्यांनी मला बोलावून हळूच सांगितलं, "सरकारी म्हणून जाता येणार नाही. पण रविवारी तुम्ही कुणाकडे जेवायला जाता, ते मी कसं विचारणार?"

त्या रविवारी मी जेवायला गेले. आधी मला पाळीवरून चालवण्यात आलं. चपला बांधावरच काढायला लावल्या. पाळीच्या प्रत्येक जागेला बाईंनी नाव ठेवलेलं होतं. सायाळीनं जिथं बीळ केलं होतं ती 'सायाळीची', जिथं नामदेवरावांची म्हैस घसरली ती 'भाऊजीची'. जादा पाणी वाहून जातं त्या सांडव्याच्या दगडापाशी आल्यावर त्या थांबल्या. पाळीच्या बरोब्बर खाली, नाल्याच्या काठानं वीस-बावीस घरांची टोळी, म्हणजे छोटी वस्ती, दिसत होती.

"ते कवेलूचं घर दिसते? जांभळीजोळचं?"

"हो, ते कौलारू."

"माह्यं माहेर."

इतक्या जवळ माहेर असलेली बाई मी पाहिली नव्हती.

"मी लहान होती तवा आमची माय पावसाळा लागला का एका गाठोड्यात कपडे बांधून ठेवे. म्हने, पाळ फुटली तं गाठोडं घेऊन टेकडीवर पळाचं. चार महिने ते गाठोडं दारात राहे. मले शाळेतबी तेच दिसे. मंग ह्याच घरातून मागनी आली. बाप म्हने, इतल्या जवळ काऊन द्याची पोरगी? मीच म्हन्लं, द्या मले. वरतं गेली तं पाळ राखाले भेटन."

एवढं सांगून त्या खाली वाकल्या आणि त्यांनी एक बोटभर पळसाचं रोप उपटून माझ्या हातात दिलं. "हे तुमच्या नावाचं. चला आता जेवाले."

मला मात्र जेवताना त्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरीचाच विचार येत होता, जिनं नवरा न पाहता पाळ पाहून होकार दिला.

एकदा पाळीवर उंबर उगवला. बाईंची लेक बाळंत झाली होती म्हणून त्या पंधरा दिवस तिच्याकडे नाचणगावला होत्या. परत येऊन पाहतात, तर उंबर वीतभर वाढलेला आणि त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेला एक दगड. उद्योग नामदेवरावांचा होता. त्यांचं म्हणणं, देव बसवला, आता पाळीची चिंता नाही. गावातल्या दोन बाया नारळही फोडून गेल्या होत्या. आता उपटायचं कसं?

पंचफुलाबाईंनी सकाळी गाव गोळा केलं, दगडासमोर बसल्या आणि देवाशी मोठ्यानं बोलू लागल्या. मला हे पुढं चार जणांनी सांगितलं आणि चौघांचंही सांगणं जुळलं. त्या म्हणाल्या, "देवा, तू आला ते बेस केलं. पन तुले सावली पाह्यजे, सावलीले झाड पाह्यजे, झाडाले मुळ्या पाह्यजे. मुळ्या कुठं जातीन? पाळीत. मंग पानी येईन अन् तुलेच घेऊन जाईन. त्यापरीस सांडव्याच्या खडकावर बस. खडक पक्का हाय, थंडं वारं हाय, अन् पूर आला तं पाहाले भेटते."

मग त्या नामदेवरावांकडे वळल्या. "भाऊजी, देव काई म्हनून राह्यला का?"

"नाई," नामदेवराव म्हणाले.

"मंग त्याले कबूल हाय."

डफडं लावून देव खडकावर गेला. उंबर मुळासकट निघाला आणि देवाच्या शेजारी लावला गेला. नामदेवरावांनीच त्याला पाणी घातलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात ते झालं. ऑगस्टभर पाऊस होता. तलाव तोंडापर्यंत भरला, सांडवा वाहत होता. एका सकाळी मला फोन आला.

"पोरी, सोमवारचं निवळलं नाई."

मला आधी अर्थच लागला नाही.

"तीन दिस झाले. सोमवारची शिशी अजून चहावानी हाय. मंगळवारची त्याच्याऊन गढूळ. आज तं पायाले पानी उसळून राह्यलेलं लागते."

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "आपल्या अखत्यारीत नाही." फोन चालूच होता. बाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "त्याईले म्हना, तुमी ते पानी पेले हाय. आता तुमाले नाई म्हनता येत नाई."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग ड्रायव्हरला हाक मारली.

पायथ्याशी पोचलो तेव्हा झिरप्याच्या जागी भात उकळतो तसं पाणी खालून उकळत होतं आणि त्याच्याभोवती बारीक मातीचं आळं झालं होतं. साहेब उकिडवे बसले. त्यांनी बोट बुडवलं, दोन बोटांत माती चोळली. उठले तेव्हा त्यांचा चेहरा पार बदललेला होता. "तलाव उतरवावा लागेल," ते म्हणाले. "आजपासून. आणि खालची घरं आत्ता रिकामी करा."

"लेहून देता?" नामदेवरावांनी विचारलं.

साहेब लिहून कसं देणार? चार ऑफिसांनी लिहून दिलं होतं की आमचा संबंध नाही, त्यातलं एक पत्र साहेबांच्याच सहीचं होतं. तोवर भाजीवालेही जमले होते. एक जण कळवळून म्हणाला, "बाई, कोबीची रोपं टाकली आमी. पानी सोडलं तं हिवाळाभर काय करू? अन् काईच झालं नाई तं?"

बाई म्हणाल्या, "काईच झालं नाई तं मले शिव्या द्याजा. मी घरीच राहतो." मग माझ्याकडे वळल्या. "पोरी, कागद काढ. लेहून मी देतो."

त्यांनी सांगितलं तसं मी वहीच्या कागदावर लिहिलं. तो मजकूर मला अजून पाठ आहे: पंचफुलाबाई झाडे, तलावाची मालकीण, हिच्याकडून पंचफुलाबाई झाडे हिला कळवण्यात येते की, तुझा तलाव धोक्यात आहे, तरी तू तो आजच्या आज उतरवावा, नाहीतर जे होईल त्याला तू जबाबदार राहशील. खाली त्यांनी सही केली. मग 'मिळालं' असं लिहून पुन्हा सही केली. साहेब अविश्वासानं पाहत होते. मला वाटतं, इतक्या लवकर पोचलेली नोटीस त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती.

एक प्रत नामदेवरावांना दिली. त्यांनी ती घडी घालून टोपीत ठेवली आणि जाहीर केलं, "तुमी काई करा वयनी. मी हालत नाई. बापाची पाळ हाय." आणि ते पाळीखालच्या आपल्या वावरातल्या झोपडीत जाऊन खाटेवर बसले.

पाळीखालून पाणी सोडायच्या मोरीचं दार उघडलं, पण ती लहान. एवढं पाणी तिच्यातून जायला पंधरवडा लागला असता. मग मी शेतकऱ्यांना म्हटलं, तुमचे मोठे पाईप आणा. पाण्यानं भरलेला पाईप पाळीवरून पलीकडे टाकला, की इकडचं पाणी चढून आपोआप तिकडे उतरतं. पुस्तकात वाचलं होतं, कधी केलं नव्हतं. पहिले दोन पाईप हवा धरून बसले आणि मी रडकुंडीला आले. तिसरा लागला. भक्कन पाणी सुटलं तेव्हा, मघाशी कोबीसाठी कळवळणारा तोच माणूस ओरडला, "अबे, डिझेल नाई, करंट नाई, पानी वरतून चढून जाऊन राह्यलं!" आणि तो स्वतःचे पाईप आणायला धावला. संध्याकाळपर्यंत नऊ पाईप लागले. साहेबांनी त्यातले दोन बंद करायला लावले. एकदम पाणी उतरवलं तर पाळीची आतली ओली बाजू घसरेल, असं त्यांचं म्हणणं. ते काठावर एक काठी रोवून बसले आणि पाणी किती उतरलं ते वीतभर वीतभर मोजत राहिले.

टोळीतली माणसं, कोंबड्या, बकऱ्या टेकडीवरच्या शाळेत गेल्या. बाईंचा म्हातारा भाऊ दारात अडून बसला, तर त्याला म्हणाल्या, "दादा, मायचं गाठोडं आठवते ना? ऊठ." तो उठला.

राहिले नामदेवराव. दोन पोरं त्यांना उचलायला गेली, त्यांना त्यांनी काठी दाखवली. सरपंच गेले, त्यांना बापाची गोष्ट सांगितली. पंचफुलाबाई गेल्या आणि फक्त एवढंच बोलून आल्या, "भाऊजी, चुली शाळेत लागल्या. ज्याले जेवाचं त्यानं तिथं यावं. इकडे ताट येनार नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानात वांगी भाजायला घातली. बाईंनी मुद्दाम वाऱ्याकडे पाहून जागा निवडली असं मला वाटतं, पण त्यांनी ते कधी कबूल केलं नाही. वारं टेकडीवरून खाली जात होतं. भाजलेल्या वांग्याचा, लसणाचा, हिरव्या मिरचीचा वास थेट नामदेवरावांच्या झोपडीवर उतरत होता. अकरा वाजता ते खाटेवरून उठून दारात आले. साडेअकराला बांधावर आले. बारा वाजता खाट डोक्यावर घेऊन शाळेच्या फाटकातून आत शिरले आणि कुणी न विचारता म्हणाले, "भरीत खाऊन वापस जातो."

ते दुसऱ्यांदा भरीत वाढून घेत होते, तेव्हा आवाज आला. धप्प. कापसाचा मोठा गठ्ठा गाडीवरून पडावा तसा. सगळे ताटं टाकून पाळीकडे धावले.

पाळीच्या मधोमध, वरच्या वाटेवर, बैलगाडी मावेल एवढा खड्डा पडला होता आणि आतल्या बाजूची माती त्याच्यासकट खाली बसली होती. पाणी त्या जागेच्या दीड-दोन पुरुष खाली उतरलेलं होतं. आदल्या दिवशी सकाळी ते तिथं काठोकाठ होतं. साहेबांची काठी अजून काठावर उभी होती.

पंचफुलाबाई खड्ड्याजवळ आल्या. खड्ड्यात न पाहता त्यांनी खाली टोळीकडे पाहिलं. घरं रिकामी होती, दोरीवर कुणाचं तरी धोतर वाळत होतं. त्या तिथंच बसल्या आणि बोटांवर एकेक घर मोजू लागल्या.

नामदेवराव भरिताच्या हातानंच आले होते. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "वयनी, बापाची येवढी एक जागा राह्यलीच होती वाटते."

मला वाटलं, आता बाई त्यांना सोलून काढतात. पण त्या म्हणाल्या, "भाऊजी, हात तं धुवा."

त्या हिवाळ्यात गावची भाजी बाजारात गेली नाही. ज्यांच्या विहिरी होत्या त्यांचं कसंबसं भागलं, बाकीच्यांनी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला. खड्डा डोळ्यांनी पाहिलेली माणसंही महिन्या-दोन महिन्यांत म्हणायला लागली, की थोडं कमी सोडलं असतं तरी चाललं असतं. दोन-तीन बायांनी पंचफुलाबाईंशी बोलणं टाकलं. मी त्यांना विचारलं, वाईट वाटत नाही का? तर म्हणाल्या, "वाटते ना. पन आयकून घेतो. पाळ फुटली असती तं शिव्या द्याले कोन राह्यलं असतं?"

उन्हाळ्यात पाळ खोदली. आत सासऱ्यांच्या वेळची, भाजलेल्या मातीच्या नळ्यांची जुनी मोरी निघाली. ती पार फुटली होती आणि तिच्या कडेनं पाण्यानं स्वतःची वाट केली होती. ती बुजवायची राहून गेली आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. नळीचा एक तुकडा नामदेवराव घरी घेऊन गेले. गावानं ट्रॅक्टर लावले, काळी चिकणमाती आणली, थर टाकून दाबली. साहेब दर शनिवारी 'खाजगी कामानं' येत. स्वतःचा डबा आणत, रोपटं उपटत आणि मगच चहा घेत. बोलणं टाकलेल्या बायाही माती टाकायला आल्या. बाईंशी बोलल्या नाहीत, पण आल्या.

आणि तलाव यादीत आला. साहेबांनी कुठल्या कुठल्या ऑफिसांत जाऊन लहान खाजगी तलावांची एक यादीच नव्यानं करवून घेतली आणि तिच्यात पहिलं नाव हे घातलं. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'तपासणी करणाऱ्याचं पदनाम'. साहेबांनी पेन हातात धरून मला विचारलं, "काय लिहू?" मग स्वतःच लिहिलं: पंचफुलाबाई. वरून तो फॉर्म दोनदा परत आला. दोन्ही वेळा साहेबांनी तेच लिहून पाठवलं. तिसऱ्यांदा आला नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली वर्ध्याला झाली. त्या सप्टेंबरात तिथं लहान तलावांच्या मालकांसाठी एक शिबिर ठेवलं होतं. पंचफुलाबाईंचा सत्कार करायचा असं ठरलं आणि त्यांना आणायचं काम माझ्याकडे आलं. त्या आल्या, सोबत नामदेवराव. दोघं पहिल्या रांगेत बसले. व्याख्याते पडद्यावर चित्रं दाखवत होते. मातीच्या धरणाचा छेद, त्यात निळ्या बाणांनी दाखवलेला झिरपा. बाई थोडा वेळ ते लक्ष देऊन पाहत होत्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "चित्र बेस हाय. पन याले पाय कुठून लावाचा?"

भाषणं लांबली. मी मागं उभी होते. पश्चिमेला आभाळ भरून येत होतं, ते खिडकीतून मलाही दिसत होतं. एकदा पाहिलं तर बाई खुर्चीत होत्या. माईकवरून त्यांचं नाव पुकारलं तेव्हा पाहिलं, तर खुर्ची रिकामी.

पुन्हा नाव पुकारलं. टाळ्या झाल्या, थांबल्या. मग नामदेवराव उठले. टोपी सारखी करत स्टेजवर गेले, शाल-नारळ घेतला आणि कुणी बोला म्हणायच्या आत माईक धरून सुरू झाले, "तं मंडळी, पाळ आमच्या बापानं बांधली..."

मी खिडकीपाशी गेले. खाली रस्त्याच्या कडेला पंचफुलाबाई समुद्रपूरच्या बाजूला तोंड करून उभ्या होत्या. एक एसटी आली, त्यांनी हात केला, ती थांबली नाही. त्यांनी तिच्या पाठीमागं काहीतरी म्हटलं. ते मला ऐकू आलं नाही आणि ऐकू यायची गरजही नव्हती. मग बाजारातून रिकामा परत निघालेला एक भाजीचा टेम्पो आला. त्या सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तो थांबला. ड्रायव्हरशी दोन शब्द झाले. लुगड्याचा काचा घट्ट करून त्या पुढच्या सीटवर चढल्या.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही, असं साहेबांनी फोनवर सांगितलं. बाटल्या आता वहिनींच्या मागं नामदेवराव भरतात, असंही सांगितलं.

त्या दिवशी टेम्पो सुटला. वळणावर जाईपर्यंत तो मला दिसत होता. खिडकीतून बाईंचा हात कोपरापर्यंत बाहेर आलेला, तळवा वर केलेला, पाऊस लागला का ते पाहत.